विहिरीवरचे सहा शिपाई

कॅस्मिरने वरचं फडकं उचललं आणि रफिक एक पाऊल मागे सरकला. विहिरीवरच्या सहाही शिपायांना आता डोळे होते.

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. डोळे होतेच. बोटभर उंचीची माणसं, वाटाण्याएवढी डोकी आणि त्यांत खसखशीच्या दाण्याएवढे डोळे. पण पांढरं वेगळं, बुबुळ वेगळं, वर भुवई, खाली थकव्याची सावली. शेवटचा तो या पाटाजवळ उभा होता तेव्हा त्या जागी नुसता मातकट गुळगुळीतपणा होता. साच्यातून नाकाचा उंचवटा आणि गालाचा खळगा येतो तेवढाच. गेली वीस वर्षं तो असे शिपाई जोडत होता, रंगवत होता, पट्ट्याचं बक्कल आणि बुटाची नाडी भिंगातून बघून काढत होता, पण चेहऱ्याला त्याने कधी ब्रश लावला नव्हता. आता विहिरीचा दोर ओढणारा त्याच्याकडे बघत होता. बाटली तोंडाला लावलेला तिरक्या नजरेने बघत होता. पायातला काटा काढायला बसलेला, त्याच्या शेजारी घाम पुसणारा, भिंतीच्या सावलीत आडवा झालेला, सगळे बघत होते. खजुराच्या झाडाखाली बंदूक टेकवून उभा असलेला पहारेकरी तर अगदी सरळ बघत होता. ओळखीच्या माणसाने रस्त्यात गाठून ‘कुठे होतात इतके दिवस’ विचारावं, तसा.

“बोल ना कायतरी,” कॅस्मिर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. “किती दिवस दाबून ठेवलंय मी. कुणाला दाखवलं नाही. क्लबची माणसं वर आली की फडकं टाकायचो.”

“छान,” रफिक म्हणाला.

“छान काय छान? रफिकभाई, नीट बघ. दोर ओढणाऱ्याच्या कपाळाची शीर बघितलीस? भिंग देऊ?”

“बघतोय.”

बघवत नव्हतं. तो टेबलाजवळच्या स्टुलावर बसला. बुटात वाळू गेली होती, ती टोचत होती. जुम्म्याची नमाज झाली की तो दुबईतल्या अल क्वोजच्या कब्रस्तानात जायचा, बायकोच्या, झुबेदाच्या, उशाशी उभा राहून फातेहा पढायचा. तिथे सगळ्या कबरी सारख्याच, वाळूचा उंचवटा आणि एक दगड. मग बाहेर येऊन तो बसची वाट बघायचा. कॅस्मिरचं वर्कशॉप तिथून जवळच, तरी इतक्या शुक्रवारांत तो एकदाही इकडे वळला नव्हता. आज वळला होता तो हे मॉडेल घरी न्यायला. सकाळीच सुमैय्याला तसं सांगितलं होतं आणि ती केवढी खूश झाली होती. “फायनली, अब्बा! मी हॉलमध्ये जागा करते. टीव्हीच्या बाजूला. अफशाला सांगते, नो टचिंग.” लेकीच्या आणि छोट्या नातीच्या घरी, सिलिकॉन ओएसिसमधल्या त्या बाराव्या मजल्यावर, तो राहायला गेल्यापासून त्याने आपली म्हणून एकही वस्तू तिथे मांडलेली नव्हती. कपड्यांच्या दोन बॅगा, औषधांचा डबा. त्याच हॉलमध्ये सुमैय्या नमाज पढायची, आईची जानमाज अंथरून. आणि आता ही सहा माणसं, उघडे डोळे घेऊन, टीव्हीच्या बाजूला.

वर्कशॉप शांत होतं. दुकानांच्या पाट्या करण्याचा कॅस्मिरचा धंदा. कारागीर शुक्रवारी दुपारी सुटायचे. खाली कापलेल्या ॲक्रिलिकचा जळका वास रेंगाळत होता, भिंतीला उलटी टेकवलेली कुठल्याशा केकच्या दुकानाची अक्षरं होती. वर पोटमाळ्यावर हे टेबल. मॉडेलवाल्यांचा क्लब म्हणजे हाच पोटमाळा. कॅस्मिर वसईजवळच्या गासचा. त्याचे वडील आसपासच्या ख्रिस्ती देवळांतले सांतांचे, म्हणजे संतांचे, पुतळे रंगवायचे. फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या, आधी पुतळे खाली उतरवायचे, भेगा बुजवायच्या, रंग ताजा करायचा. डोळे अगदी शेवटी. डोळे दिले की हात धुऊन डोक्यावरची टोपी काढायचे. तोवर ते लाकूड, त्यानंतर सायबीण, मरियामाता. कॅस्मिरने हे सगळं मागे कधीतरी सांगितलं होतं आणि रफिकने ते नुसतं ऐकून सोडून दिलं होतं. त्याच वेळी आपलंही सांगायला हवं होतं. पण काय सांगणार होता तो?

मॉडेलचं पहिलं खोकं त्याला जबल अली बंदरावरच्या ऑफिसातल्या एका इंग्रजाने दिलं होतं. तो नोकरी संपवून मायदेशी चालला होता, सामान वाटत होता. खोक्यात जोडायचा रणगाडा होता. रफिक क्लिअरिंगची कागदपत्रं बघायचा. दिवसभर बारीक अक्षरं तपासणाऱ्या माणसाला ते बारीक तुकडे जोडायला आवडले. झुबेदा म्हणाली, बरं झालं, लोकांचे नवरे पत्ते खेळतात. पण रणगाड्याच्या खोक्यातच खाली तीन माणसंही होती. त्याने ती जोडली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत सुकायला ठेवली. झुबेदा तांदळाच्या भाकरी थापत होती. पिठाच्या हाताने तिने एक उचललं.

“हे काय?”

“रणगाड्याची माणसं.”

“रणगाडा पुरला नाही तुम्हाला? आता माणसं पण घडवणार?”

“प्लास्टिक आहे गं.”

“असेना. कयामतच्या दिवशी विचारतील तुम्हाला. म्हणतील, माणसं बनवलीत ना रफिकमियां, आता घाला यांच्यात जीव. काय कराल? तुम्हाला तर डाळीत मीठ घालायची आठवण राहत नाही.”

तो हसला. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने गावाला, म्हसळ्याला, फोन लावून तिथल्या मौलवींना विचारलं. ते म्हणाले, नकोच. मग इथल्याच, देऱ्यातल्या, एका आलिमना, धर्माच्या जाणकारांना, विचारलं. ते म्हणाले, खेळणं आहे, एवढं काय. एक हो, एक नाही. झुबेदाने दोघांनाही सलाम करून बाजूला ठेवलं आणि भाकरी उलटता उलटता स्वतःच निकाल लावला. “डोळे काढायचे नाहीत. तोंड काढायचं नाही. चेहरा कोरा. म्हणजे तो माणूस नाही, माणसासारखं कायतरी. मग तुम्हाला कुणी काय विचारणार नाही.” तिच्या बोलण्यात सगळा जोर त्या ‘तुम्हाला’वर होता. घरात काय यावं न यावं याची तिला फिकीर नव्हती असं नाही, पण तिला खरी काळजी होती ती त्याची. तिथे, कयामतच्या त्या मोठ्या मैदानात, जिथे कुणी कुणाच्या उपयोगी पडत नाही म्हणतात, तिथे आपला हा विसराळू माणूस एकटा उभा राहील आणि याला उत्तर सुचणार नाही. तेव्हापासून प्रत्येक शिपाई पुरा झाला की तिच्याकडे जायचा. ती तो उजेडात धरायची, चेहऱ्यावरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, “पास.”

क्लबात त्याने हे कधी सांगितलं नाही. तिथे इंजिनियर होते, दोन पायलट होते, एक दातांचा डॉक्टर होता. त्यांच्यासमोर बायको नको म्हणते, हे सांगायला त्याची जीभ उचलेना. पहिल्याच प्रदर्शनात एक परदेशी परीक्षक त्याच्या टेबलाशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला की कोरे चेहरे ही मोठी कल्पना आहे, शिपायाचं नाव कुणाला ठाऊक नसतं. रफिकने मान हलवली. झालं. त्याची ती स्टाइल ठरली. घरी येऊन त्याने झुबेदाला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. “म्हणजे बक्षीस माझं. आणा इकडे.”

“चहा की वडे आधी?” कॅस्मिरने विचारलं. “रोझलिनने घरून पाठवलेत. कोंबडीचा रस्सा आहे, तुझ्यासाठी वेगळा केलाय. हलाल आहे, घाबरू नको, मीच आणली कोंबडी.”

“नंतर.”

“तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे.”

कॅस्मिर स्टूल ओढून शेजारी बसला. त्याने पाट हळूच स्वतःकडे फिरवला. आता शिपाई त्याच्याकडे बघू लागले आणि रफिकला त्यांच्या पाठी दिसल्या, पगड्या दिसल्या. पगड्या झुबेदाच्या होत्या. बाजारात पहिल्या महायुद्धातले आपल्याकडचे शिपाई मिळत नाहीत. मिळतात ते टोप घातलेले गोरे. टोप कापून पगडी वर बांधावी लागते. दोन रंगांची पुट्टी मळायची, तिचे धागे वळायचे आणि डोक्याभोवती गुंडाळायचे. रफिकचे धागे सुतळीएवढे जाड व्हायचे. झुबेदाने एकदा बघितलं, म्हणाली, सरका, आणि परातीत शेवया वळाव्यात तसे बोटांच्या टोकांनी केसाएवढे धागे वळून दिले. ही सहा डोकी तिची होती. विषयही तिचाच. तिच्या आईचा आजा पहिल्या लढाईत मराठा पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला गेला होता. कोकणातून कितीतरी लोक गेले, त्यांतला एक. तो परत आला तो मुठीत खजुराच्या बिया घेऊन. त्याने त्या परसात पेरल्या, झाडं आली, उंच झाली, फळ कधी धरलं नाही. झुबेदाने लहानपणी ती झाडं बघितली होती. त्या माणसाचा फोटो नव्हता. तो कसा दिसायचा हे कुणाला माहीत नव्हतं. “म्हणजे हा पण कोराच,” ती म्हणाली होती. “करा त्याला. तहान लागली असेल त्याला, विहिरीवर बसवा.”

मग रफिकने विहीर केली, मातीची भिंत केली. वाळू मात्र विकत आणली, कारण दाराबाहेरच्या वाळूचा एक कण या माणसांसमोर दगडासारखा दिसतो. कॅस्मिर तेव्हा पोट धरून हसला होता. वाळवंटात राहून वाळू विकत, वीस दिरहम, म्हणजे साडेचारशे रुपयांची वाळू, तुझ्या गावात सांगू नकोस, लोक लग्नं मोडतील! झुबेदा त्या वेळी आजारी होती पण हिंडतीफिरती होती. पुढे ती पलंगावरून उठेनाशी झाली. तिची बहीण फिरदोस गावाहून आली होती. ती खोलीत शिरली, टेबलावरचे शिपाई बघितले आणि दारातच थबकली. काही वाईट नव्हती फिरदोस. रात्रंदिवस तिने बहिणीचं केलं. पण ती हळूच म्हणाली, “भाईजान, घरात पुतळे असले की फरिश्ते येत नाहीत.” झुबेदाने पडल्या पडल्या मान वळवली. “त्यांना डोळे नाहीत, फिरदोस. मी बघितलंय. येतील फरिश्ते.” तिने इतक्या सहज सांगितलं, जसं काही पाहुण्यांना जिन्याचा दिवा लागलाय की नाही हे तीच जाऊन बघून आली होती. ती गेल्यावर, दफन झाल्यावर, घर रिकामं करताना, रफिक त्या एका वाक्याला धरून राहिला. आले असतील. तिने बघून ठेवलं होतं.

आणि आता डोळे होते.

फोन वाजला. सुमैय्या. “अब्बा, निघालात का? मी टेबल पुसून ठेवलंय. कॅस्मिर अंकल ड्रॉप करणार आहेत ना? अफशा विचारतेय, सोल्जर्स आर कमिंग बाय कार?” तो म्हणाला, थोडा वेळ लागेल. फोन ठेवला आणि तो कॅस्मिरला म्हणाला, “थिनर कुठे आहे?”

“कशाला?”

“दे ना.”

“कशाला पाहिजे ते सांग आधी.” कॅस्मिरने दोन्ही हात पाटाभोवती ठेवले. दुकानातलं काचेचं सामान एखाद्या दांडगटापासून सांभाळावं तसे. “चुकलंय काय? रंग गोरा झालाय? मी तुझ्याच हाताकडे बघून मिसळला होता रे.”

“चुकलं नाही. डोळे पुसून टाकायचेत.”

“पुसून टाकायचेत,” कॅस्मिर सावकाश म्हणाला. “तीन महिने. एकेक डोळा श्वास रोखून दिलाय मी. रोझलिन म्हणते, माझ्याकडे इतकं बघितलं असतंस तर मी अजून बारीक राहिले असते. आणि तू म्हणतोस पुसायचे. का?”

रफिकला वाटलं होतं की हे कधी सांगायची वेळ आली तर आपण वळणं घेऊ, पुस्तकातलं काही सांगू. पण ते सरळच आलं. भाकरी, पीठ लागलेला हात, दोन मौलवी, कोरा चेहरा, पास. मधेच त्याला हसू फुटलं, डाळीतल्या मिठाशी. कॅस्मिर हसला नाही. तो ऐकत होता आणि हळूहळू त्याचे हात पाटावरून निघून मांडीवर आले.

“वीस वर्षं,” तो म्हणाला. “वीस वर्षं आपण एका टेबलावर बसतो, आणि हे तू मला आज सांगतोस?”

“काय सांगणार? बायको नको म्हणते?”

“मग काय झालं? रोझलिनने माझी दारू सोडवली, ते मी सगळ्या दुबईला सांगत फिरलो.” त्याचा आवाज चढला आणि लगेच पडला. “मला वाटलं, तुला जमत नाही. मोतीबिंदू, हात थरथरतो, असं कायतरी. म्हटलं, हा लाजतो, म्हणून स्टाइल स्टाइल करतो. भाभी गेल्यावर हे इथे आणून टाकलंस आणि तू फिरकेनास. मी रोज जिना चढायचो तर हे सहा जण बसलेले, आंधळे. पप्पा डोळे न दिलेला पुतळा एकटा ठेवायचे नाहीत. म्हणायचे, आंधळ्याला सोडून जाऊ नये. म्हटलं, रफिकभाई येईल तेव्हा यांनी त्याच्याकडे बघावं. दुसरं काय करणार होतो मी? तुझ्या घरी येऊन रडायला मला जमत नाही.”

कॅस्मिरने नाक पुसलं.

“थिनर लावलास तर पगडीचा रंग पण निघणार,” तो म्हणाला. “भाभीच्या पगड्या.”

“माहीत आहे.”

“मग असं कर. डोळे तू दिलेस काय? नाही. मी दिले. तर विचारतील तेव्हा मी देईन उत्तर. तू सरळ बोट दाखव. म्हण, तो वसईवाला. त्याने माझ्या मागे दिले, मला माहीतच नव्हतं. खलास. तू सुटलास, भाभीची पण काळजी मिटली.”

तो गंमत करत नव्हता. त्याने ते दोन हजारांच्या पार्किंगच्या दंडासारखं स्वतःच्या नावावर घेतलं होतं आणि त्याला हलकं वाटत होतं, हे दिसत होतं. रफिकने त्याच्याकडे पाहिलं. कॅस्मिर पण साठीचा झाला होता. शर्टाच्या बाहीला खाकीचा डाग, नखांत रंग, भिंगाच्या पट्ट्याने कपाळावर कायमचा उमटलेला वळ. आणि रफिकला ते मैदान दिसलं, जिथे कुणी कुणाच्या उपयोगी पडत नाही. तिथे हा उभा आहे, चुकून दुसऱ्यांच्या रांगेत आलेल्या माणसासारखा, आणि त्याला विचारतायत, डोळे दिलेस ना, आता घाल जीव. आणि हा म्हणतोय, हबीबी, एक मिनिट, आणि आपले खिसे चाचपतोय. झुबेदाला वीस वर्षं काय वाटत होतं, ते त्याला आत्ता कळलं. हराम-हलालचा तो वाद नव्हताच. तुमच्या माणसाला असं एकटं उभं करतील आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला असाल, हात पोहोचणार नाही, एवढंच ते होतं. “नाही,” तो म्हणाला. “तुला नाही अडकवायचं.”

“अरे, पण मी तयार आहे!”

“तू तयार आहेस म्हणूनच नको.”

त्याने भिंग कपाळावर चढवलं आणि पाट आपल्याकडे फिरवला. पहिल्यांदाच तो त्यांच्याकडे नीट बघत होता. कॅस्मिरचं काम सुंदर होतं. कुणी पन्नाशीचा, कुणी नुकती मिसरूड फुटलेला, ऊन खाल्लेले, दमलेले, घरची आठवण येणारे. हे पुसून परत मातकट करायचं म्हणजे माणसं आलेल्या खोलीत दिवा विझवल्यासारखं. बाटली तोंडाला लावलेल्यावर त्याची नजर थांबली. इतक्या तहानेनंतर पहिला घोट घेणारा माणूस डोळे उघडे ठेवतो काय? रोजा सोडताना पाण्याचा पहिला घोट घेतला की आपण काय करतो? मिटतात डोळे. आपोआप.

“कातडीचा रंग आहे का शिल्लक?” त्याने विचारलं. “जो तू मिसळलास तो?”

“आहे. का?”

“याचे मिटतो.”

कॅस्मिर उठला, झाकणाखाली ओला ठेवलेला रंग घेऊन आला, सगळ्यात बारीक ब्रश आणला आणि दिवा जवळ ओढला. मिटलेला डोळा चालेल का, हे विचारायला आता कुणी नव्हतं. म्हसळ्याला फोन लावता आला असता, देऱ्यालाही. एक हो म्हणाला असता, एक नाही. निकाल त्यालाच लावायचा होता. मिटलेला डोळा म्हणजे डोळा नव्हे, त्याने ठरवलं. ती नुसती एक रेघ आहे. त्याने श्वास धरला. वरून पापणीचा रंग, दोन ठिपक्यांत; तो सुकू दिला; मग खालच्या कडेला गडद तपकिरी, केसाएवढी. “दाबू नको,” कॅस्मिर कानाशी कुजबुजला, “ब्रशच जाईल, तू नुसता बरोबर जा.” रेघ जरा वाकडी गेली, पण गेली. पाणी पिणारा आता खरंच पाणी पीत होता.

मग एकेक. दोर ओढणारा सोपा होता. जोर लावताना डोळे आवळले जातातच, आणि कपाळाची ती शीरही आता जास्त खरी वाटली. काटा काढणाऱ्याची नजर पायाकडे, म्हणजे पापण्या खालीच. घाम पुसणाऱ्याचा एक डोळा फडक्याआड, उरलेला एकच. आडवा झालेला तर झोपलेलाच बरा, इतका वेळ तो बिचारा उगाच जागा होता. दोघांनाही आता मजा वाटू लागली होती. कॅस्मिर प्रत्येकासाठी कारण शोधत होता, रंग पातळ करत होता, वड्याचा तुकडा मोडून रफिकच्या तोंडात घालत होता कारण रफिकचे हात मोकळे नव्हते. रफिकला जाणवलं की त्याने इतक्या वर्षांत प्रथमच डोळे काढले, ते मिटलेले. आणि त्याचा हात थरथरत नव्हता.

शेवटी पहारेकरी राहिला.

“आता याचं काय?” कॅस्मिर म्हणाला. “याला काय कारण नाही. हा ड्यूटीवर आहे. याचे मिटलेस तर याला कोर्टमार्शल. ज्याला ज्याला फौज कळते तो हसेल. याला तरी जागा ठेव, रफिकभाई.”

ब्रश हवेत थांबला. झाडाखालचा तो पोरगेला शिपाई सरळ बघत होता. रफिकला ती खुर्ची आठवली. हॉस्पिटलची, निळी, पाठ न टेकणारी. जोहरच्या, दुपारच्या, नमाजनंतरची वेळ, पडद्याच्या फटीतून ऊन आत येत होतं. किती दिवस तो तिथे बसून होता, डोळ्याला डोळा न लावता, मशीनवरचा आकडा बघत, जणू आपण बघतोय तोवर तो खाली जाणार नाही. झुबेदाने बोटाने त्याला जवळ बोलावलं होतं. “सुमैय्याचे अब्बा, डोळे मिटा जरा. मी आहे इथे.” तो नको म्हणाला. “मी सांगते ना.” आणि त्याने मिटले. नर्सने खांद्याला हात लावून उठवलं तेव्हा ऊन पडद्यावरून सरकलं होतं, आणि झुबेदाचे डोळे नर्सने आधीच मिटले होते, मऊ हाताने, व्यवस्थित. त्या दिवसापासून तो शुक्रवारी कबरीशी उभा राहायचा तो पहाऱ्यावर झोपलेल्या माणसासारखा, मान खाली घालून. आज पहिल्यांदा त्याला त्यातलं दुसरं दिसलं. त्याला झोप लागली नव्हती. तिने त्याला झोपवलं होतं. पहारा तिने स्वतःकडे घेतला होता, त्याचं ऐकून न घेता, जसे बाकीचे निकाल लावायची तसाच.

त्याने ब्रश टेकवला. एक पापणी. दुसरी. सुकू दिलं. मग खालून दोन रेघा, आणि या वेळी एकही वाकडी गेली नाही.

“केलंसच,” कॅस्मिर म्हणाला.

“त्याला सांगितलं असेल कुणीतरी. झोप म्हणून.”

“कोण सांगणार त्याला? सगळे झोपलेत.”

“असेल कुणीतरी जागं.”

कॅस्मिरने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पुढे होऊन टेबलावरचा झगझगीत दिवा बाजूला वळवला. खिडकीतून अल क्वोजचं संध्याकाळचं पिवळं ऊन आत आलं, धुळीचं, आणि त्या मातीच्या विहिरीवर, भिंतीवर, पगड्यांवर पडलं. सहा माणसं दमून निवली होती. कॅस्मिर पावलं न वाजवता जिन्याकडे गेला, खालच्या पंख्याचं बटण बंद करून आला, रंग सुकेपर्यंत धूळ नको म्हणून. आल्यावर “चहा?” असं त्याने नुसतं हाताने विचारलं.

फोन थरथरला. रफिकने पहिल्या कंपालाच उचलला आणि तोंडाजवळ हात धरला.

“अब्बा? अजून तिथेच? इतक्या हळू का बोलताय? इज एव्हरीथिंग ओके?”

“हो, बेटा,” तो म्हणाला. “इथे सगळे झोपलेत. जरा वेळाने घेऊन येतो.”